घरी बाळंतपण ठरवण्याआधी: एका निवृत्त नर्सबाईचं सांगणं

सांगली जिल्ह्यात मी ३१ वर्षं एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स होते. उपकेंद्र, वाड्यावस्त्या, पावसाळ्यात चिखल तुडवत घरभेटी. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट घसा कोरडा होईपर्यंत सांगितली: बाळंतपण दवाखान्यात करा. आणि मग माझ्याच लेकीचा इंग्लंडातून, रीडिंगहून फोन आला, "आई, दुसऱ्या वेळी मी घरीच करणार आहे." त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

डोळ्यांसमोर १९९४ सालची एक बाई होती. तिसरं बाळंतपण, घरी. सुईण जुनी, हाताला गुण असलेली. मूल सुखरूप झालं, पण वार आतच अडकली. मला निरोप मिळून मी पोचले तेव्हा रक्त अंथरुणातून सारवलेल्या जमिनीवर आलं होतं. जीप मिळायला दोन तास लागले. ती वाचली नाही. तिच्या तान्ह्याचं रडणं मला आजही ऐकू येतं.

लेकीनं माझ्याशी वाद घातला नाही. तिच्या मिडवाइफला व्हिडिओ कॉल लावून दिला आणि म्हणाली, "तुला काय विचारायचं ते विचार." मी विचारलं ते आणि नंतर तिथं राहून पाहिलं ते इथं लिहिते. परदेशातल्या मुलींना आणि बाळंतपणाला निघालेल्या त्यांच्या आयांना उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, घरी येणार कोण? मिडवाइफ म्हटलं की आपल्याला सुईण आठवते. इंग्लंडातली मिडवाइफ साधारण तीन वर्षांची पदवी घेतलेली आणि सरकारी नोंदणी असलेली असते. ती टाके घालते, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन देते, बाळानं श्वास घेतला नाही तर पिशवी-मास्कनं देते. बाळंत होताना दोघी हजर असतात, एक आईसाठी, एक बाळासाठी. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, याचे पैसे पडत नाहीत. डूला, म्हणजे कळांमध्ये सोबतीला ठेवलेली बाई, वेगळी. ती तपासत नाही, औषध देत नाही. पाठ चोळते, पाणी पाजते, धीर देते, हात सोडत नाही. हे काम मी कमी लेखत नाही. कळांमध्ये सतत कुणीतरी सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात आणि कळांचा काळही आखडतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. पण नुसत्या डूलाच्या भरवशावर घरी बाळंत व्हायचं नाही. तिथल्या कायद्यानुसार अडीअडचणीची वेळ सोडली तर बाळंतपण मिडवाइफनं किंवा डॉक्टरनंच करायचं असतं.

दुसरं, तुमची प्रकृती त्यात बसते का? माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण दवाखान्यात, नैसर्गिक, काही गुंतागुंत न होता झालं होतं. म्हणून मी पुढचं ऐकून घेतलं. आधीचं सिझेरियन, जुळं, पायाळू मूल, वाढलेलं बीपी, साखर, आधी झालेला मोठा रक्तस्राव, यातलं काही असेल तर दवाखानाच गाठा. हिमोग्लोबिन साडेआठ ते साडेदहाच्या मध्ये असेल तर डॉक्टर-मिडवाइफ बसून ठरवतात. त्याच्या खाली असेल तर हट्ट नको. आपल्या लोकांना गरोदरपणातली साखर जास्त होते, म्हणून २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पाजून करतात ती तपासणी चुकवू नका. लेकीची साखर नॉर्मल आली तेव्हा मी सुटकेचा श्वास टाकला.

पहिलटकरणींनो, तुमच्यासाठी मी जरा थांबते. २०११ साली इंग्लंडात सुमारे ६४ हजार कमी जोखमीच्या बायकांचा मोठा अभ्यास झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांमध्ये घर आणि दवाखाना यांत बाळाच्या धोक्याचा फरक दिसला नाही. पहिल्या खेपेला मात्र बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण दवाखान्यात हजारी ५.३ आणि घरी ९.३ होतं. घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के बायकांना मध्येच किंवा बाळंतपणानंतर लगेच दवाखान्यात न्यावं लागलं. पुढच्या खेपेच्या बायकांत हाच आकडा १२ टक्के. मिडवाइफ चालवतात त्या बर्थ सेंटरमध्ये पहिलटकरणींच्या बाळांचा धोका वाढलेला दिसला नाही. तेव्हा पहिल्या वेळी दवाखान्याला लागून असलेलं बर्थ सेंटर बघा, असं मी माझ्या सुनेलाही सांगेन. तिथं चालता येतं, पाण्याच्या टबात बसता येतं आणि वेळ आली तर डॉक्टर त्याच आवारात असतात.

तिसरा प्रश्न मिनिटांचा. मी मिडवाइफला विचारलं, "वार अडकली तर काय कराल?" ती म्हणाली, "इंजेक्शन देऊ, सलाईन लावू, ९९९ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावू. इथून दवाखाना १२ मिनिटं." मी जावयाला रात्री आणि सकाळच्या गर्दीतही गाडीनं जाऊन बघायला लावलं. तुम्हीही जाऊन बघा. आणि हेही विचारा, की त्या रात्री मिडवाइफ कमी पडल्या तर? तसं होतं आणि ऐन वेळी दवाखान्यात बोलावतात. म्हणून घरी ठरलं तरी दवाखान्याची बॅग भरून दाराशी ठेवायची, मोठ्या लेकराला कोण सांभाळणार हेही ठरवायचं.

३६व्या आठवड्याच्या सुमारास मिडवाइफ घर बघून गेली. जिना, गाडी लावायला जागा, फोनची रेंज सगळं पाहिलं. आम्ही जुन्या चादरी, टॉवेल, प्लॅस्टिक, उजेडाची बॅटरी काढून ठेवली. जानेवारी होता, बाळासाठी खोली ऊबदार हवी होती.

एक गोष्ट आपल्या आयांनी नक्की लक्षात ठेवावी. कळा सोसायला त्या लोकांकडे गॅस अँड एअर, म्हणजे नळीतून ओढून घ्यायचा वायू असतो. त्यात निम्मा ऑक्सिजन असतो, आग भडकायला वेळ लागत नाही. मी सवयीनं देवाजवळ समई लावली होती, ती मिडवाइफनं लगेच विझवायला लावली. शेकशेगडी, ओव्याची धुरी, उदबत्ती, मेणबत्ती त्या घरात नकोच. धुरी बाळाच्या छातीलाही बरी नाही, हे मी गावातही सांगत असे.

कळा रात्री अकराला सुरू झाल्या. सवयीनं माझ्या तोंडी "जोर लाव, जोर लाव" येत होतं. मिडवाइफ मात्र शांत बसून होती. दर १५ मिनिटांनी कळ ओसरली की मिनिटभर बाळाचे ठोके ऐकायची, शेवटी शेवटी दर ५ मिनिटांनी. बाकी वेळ लेक गुडघ्यांवर, सोफ्याला धरून, आणि मी तिची कंबर दाबत. पहाटे चारला नात झाली. वार बाहेर आली तेव्हा मिडवाइफनं ती पसरून पूर्ण आहे का बघितली, आणि मीही तिच्या शेजारी वाकून बघितली. पूर्ण होती. तेव्हा कुठं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

आता पुण्या-मुंबईतल्या मुली विचारतात, "काकू, आपल्याकडे करू का?" नको गं. तिथं घराच्या मागे जी यंत्रणा उभी असते, नोंदणीकृत मिडवाइफ, ठरलेला दवाखाना, निरोप गेला की निघणारी गाडी, ती आपल्याकडे घरच्या बाळंतपणासाठी अजून नाही. केंद्र सरकारनं २०१८ साली मिडवाइफ तयार करायची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सना त्यासाठी १८ महिन्यांचं प्रशिक्षण आहे. ते वाढावं असं मला मनापासून वाटतं. तोवर दवाखानाच निवडा, पण विचारून निवडा. कळांमध्ये आई, नवरा किंवा डूला सोबत राहू देता का? चालू-फिरू देता का? खाली छेद सगळ्यांनाच देता, की गरज असेल तरच? बाळ लगेच छातीवर ठेवता का? या प्रश्नांवर डॉक्टर चिडले तर दुसरा दवाखाना बघा. सरकारी दवाखान्यातही सोबतीची एक बाई आत राहू शकते, असं सरकारच्या बाळंतपणाच्या खोल्या सुधारायच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सांगितलेलं आहे. ते मागून घ्या.

बाळंतपण कुठंही झालं, तरी पहिला दिवस बाळंतिणीला एकटं सोडू नका. लाडू मागाहून वळा. तासाभराच्या आत पॅड पूर्ण भिजला, लिंबाएवढ्या गाठी पडल्या, घेरी आली, अंग गार पडलं, तर कुणाला विचारत बसू नका. तिथं ९९९, इथं १०८.