कम्युनिटी कॉलेजातून मेडिकलला: सांगलीच्या मुलींसाठी

विश्रामबागेत आईकडे आले की कुणी ना कुणी मुलीला घेऊन येतंच. ‘ताई, हिचं ग्रीन कार्ड झालंय, बारावी सायन्स झालीय, तिकडं डॉक्टर व्हायचंय.’ सगळ्यांना तेच सांगते, तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षं मेडिकल. नीटचे मार्क तिथं कुणी विचारत नाही, एमकॅट ही तिथली मेडिकल प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ग्रीन कार्ड आहे हे बरं. स्टुडंट व्हिसावरच्या मुलांना फार थोडी मेडिकल कॉलेजं घेतात.

पदवीची पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात, करता येतात, मग उरलेल्या दोन वर्षांसाठी युनिव्हर्सिटीत जायचं. यालाच ट्रान्सफर म्हणतात. नातेवाईक नाक मुरडतील, मुरडू देत. कॅलिफोर्नियात रहिवाशांना एका युनिटला, म्हणजे कोर्स मोजायच्या एककाला, ४६ डॉलर फी आहे. मात्र रहिवासी ठरायला राज्यात वर्षभर राहिलेलं लागतं, म्हणून पोचल्याच्या तारखेचे कागद जपून ठेव.

पहिल्याच आठवड्यात असिस्ट डॉट ऑर्ग ही वेबसाइट उघड. तुझं कॉलेज, जायची युनिव्हर्सिटी आणि विषय निवडलास की डावीकडे त्यांचा कोर्स दिसतो, उजवीकडे त्याच्याऐवजी चालणारा तुझ्या कॉलेजातला. उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असेल तर तो तिकडं गेल्यावरच करायचा. काउन्सेलरनं सांगितलेलंही या पानाशी ताडून बघ. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या (यूसी) डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या कॅम्पसांवर ‘टॅग’ असतो: अटी पूर्ण केल्या की जागेची हमी. अर्ज सप्टेंबरात, तोही एकाच ठिकाणी. काही विषय त्यात बसत नाहीत.

खरी मेख पुढं आहे. युनिव्हर्सिटीत गेल्यावर तिथला जीपीए, म्हणजे ग्रेडांची सरासरी, नव्यानं सुरू होतो, त्यामुळे मुलींना वाटतं मागचं पुसलं गेलं. पण मेडिकलच्या अर्जात, म्हणजे ॲमकासमध्ये, कम्युनिटी कॉलेजची प्रत्येक ग्रेड भरावी लागते. कोर्स पुन्हा केलास तर दोन्ही ग्रेड धरतात. बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतात. म्हणून हौसेनं एकाच सत्रात तीन-तीन लॅबचे विषय घेऊ नकोस. ट्रान्सफरनंतर तर आणखी सांभाळून. बऱ्याच यूसींमध्ये लांब सत्राऐवजी क्वार्टर असतो, दहा आठवड्यांत सगळं उरकतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन ठेपते. पहिल्या क्वार्टरला जड विषय एकच. बायोकेमिस्ट्री आणि वरच्या पातळीची बायॉलॉजी मात्र तिथंच कर, आणि उत्तम कर. मेडिकलच्या प्रवेश कमिटीला तेच बघायचं असतं.

कम्युनिटी कॉलेजात वर्ग लहान, सर तुला नावानं ओळखतात. ऑफिस अवर्सना आपल्या मुली लाजून जात नाहीत, जा. शिफारसपत्राचं बोलणं कॉलेज सोडायच्या आधीच करून ठेव. तिथंच बहुतेक ठिकाणी ईएमटीचा, म्हणजे ॲम्ब्युलन्समधल्या तातडीच्या उपचारांचा, कोर्स असतो, त्यावर ॲम्ब्युलन्सची नोकरी मिळू शकते. मिरजेत काकांच्या ओपीडीत बसलेलं सांगायला छान, पण मेडिकल कॉलेजांना तिकडच्या पेशंटांमधला अनुभव हवा असतो.

एमकॅट साडेसात तासांची, गुण ४७२ ते ५२८. मेडिकलचा अर्ज जूनमध्ये करायचा, प्रवेश पुढच्या वर्षी. म्हणजे ट्रान्सफरनंतर लगेच धावलीस तर हातात जेमतेम एक वर्ष. माझं मत, पदवी झाल्यावर एक वर्ष थांब आणि मग अर्ज कर. इथं ‘ड्रॉप घेतला’ म्हटलं की घरात सुतक पडतं. तिकडं गॅप इयर सर्रास घेतात. बाबांना हे विमानात बसायच्या आधीच सांगून ठेव.