जुना मार्बल पुन्हा चमकवायचाय? आधी हे वाचा, मग पॉलिशवाल्याला फोन करा

आईकडे डोंबिवलीला हॉलमध्ये पांढरा मकराना मार्बल आहे, १९९६ ला बाबांनी हौसेने घातलेला. पंचवीसेक वर्षांत त्याची पार रया गेली होती. दारापासून सोफ्यापर्यंत मळकट पायवाट, देव्हाऱ्यासमोर तेलाचा काळपट पट्टा, आणि दुपारचं ऊन आत आलं की सगळीकडे पुसट गोल खुणा. आईचं म्हणणं, मार्बल मेला आता, वरून व्हिट्रिफाइड टाइल्स टाकून घेऊ. तसं नाही केलं, पॉलिश करून घेतलं, पण पहिल्यांदा चुकीचं आणि दुसऱ्यांदा बरोबर, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिल्या वेळी जो माणूस आला त्याने एका दिवसात काम उरकलं, संध्याकाळी फरशी आरशासारखी, आम्ही खूश, पैसे दिले, चहा पाजला. महिन्याभरात ती पिवळट आणि चिकट झाली आणि पायाचे ठसे उमटायला लागले. त्याने घासलं असं काही नव्हतंच, वॅक्स फासून मशीन फिरवलं होतं. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं ते हे, की मार्बलची चमक वरून लावायची नसते. दगड घासून घासून इतका गुळगुळीत करायचा की उजेड सरळ परत यायला लागतो, तीच चमक. बाकी डबे-बाटल्यांतलं सगळं नंतरचं.

आधी बघा, नक्की बिघडलंय काय

मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच थोरला भाऊ म्हणा. मोहच्या काठिण्य मापावर (१ ते १०, आकडा मोठा तितका पदार्थ कठीण) साधारण ३. चपलेला चिकटून येणारी वाळू ७. म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक माणूस फरशीवर पॉलिश पेपर घासत येतो, आणि ती पायवाट तशीच पडलेली असते. ती धुऊन जाणार नाही कारण तो मळ कमी आणि बारीक ओरखडेच जास्त.

दुसरा प्रकार त्या गोल खुणांचा. लिंबू, व्हिनेगर, चिंचेचं पाणी, सोलकढी, कोल्ड्रिंक आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाथरूमचं ॲसिड, यातलं काहीही सांडलं की मार्बल तेवढ्या भागात विरघळतो. हा डाग नाही, खरं तर तिथला दगडच खाल्ला गेलाय. ओळखायची खूण सोपी आहे, आजूबाजूपेक्षा फिकट आणि हात फिरवला तर किंचित खरखरीत लागलं तर ती ॲसिडची खूण, आणि गडद पण हाताला गुळगुळीत लागलं तर खरा डाग, म्हणजे तेल, हळद, कुंकू, गंज वगैरे दगडाच्या आत मुरलेलं. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि लोक इथेच चुकतात, खुणेवर आणखी लिंबू चोळतात!

तिसरं म्हणजे फरशीच वरखाली असणं. अनवाणी चाललात की सांध्यावर पायाला कड लागते, सांध्यात काळी घाण साचलेली असते. हे फक्त मशीनने घासूनच जातं.

आपल्याकडे खरंच मार्बल आहे की नाही याची शंका असेल तर दाराच्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी लिंबाचा एक थेंब टाका आणि लगेच पुसा. बारीक बुडबुडे आले किंवा ठिपका निस्तेज झाला तर मार्बल किंवा त्याच जातीचा चुनखडीचा दगड. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडला काही होत नाही. जुन्या चाळी-बिल्डिंगमधल्या मोझॅक लाद्या असतील तरी पुढचं बरंचसं लागू पडतं, कारण त्यात सिमेंटमध्ये मार्बलचेच तुकडे असतात.

दोन-चारच खुणा असतील तर घरीच करा

यासाठी माणूस बोलवायची गरज नाही. हाताने धरायचे डायमंड पॅड (हिऱ्याची बारीक पूड बसवलेले) मिळतात, हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन, ४००, ८००, १५०० आणि ३००० नंबरचे घ्या. नंबर जितका मोठा तितकं घासणं बारीक. सोबत मार्बल पॉलिशिंग पावडर, टिन ऑक्साइडवाली मिळाली तर उत्तम.

जागा स्वच्छ धुवा, पाणी शिंपडा, ४०० ने दोनेक मिनिटं एकाच दिशेत घासा, उदाहरणार्थ उत्तर-दक्षिण. मग धुवा. ८०० ने पूर्व-पश्चिम घासा. म्हणजे आधीच्या नंबरचे आडवे ओरखडे राहिलेत का ते लगेच कळतं, राहिले असतील तर पुढे जायचं नाही, तिथेच घासत राहायचं. परत धुवा, मग १५००, परत दिशा बदला, मग ३०००. दर वेळी फरशी आणि हात दोन्ही धुवायचे आणि पाणी नवीन घ्यायचं, कारण ४०० चा एक कण जरी ३००० च्या पॅडखाली आला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. (हे मी करून बघितलंय, रविवारची अख्खी दुपार गेली.) प्रत्येक नंबरला आधीपेक्षा थोडी जास्त जागा घासा, नाहीतर मधेच खोलगट चकती दिसते. शेवटी ओल्या जाड कापडावर पावडर घेऊन जोर लावून चोळा, पाणी सुकत येईपर्यंत. पावडरची पेस्ट सुकायला लागते तेव्हाच चमक वर येते.

घरातला साधा ग्राइंडर घेऊन त्याला पॅड लावायचा मोह होईल. नका. त्याचा वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या वर असतो, पॅड जळतात, फरशीला खड्डे पडतात, आणि ओल्या फरशीवर विजेचं मशीन घेऊन बसणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

मुरलेले डाग काढायला लगदा लावा

डाग दगडाच्या आत गेलेला असतो त्यामुळे तो बाहेर ओढून काढावा लागतो. तेलासाठी खायचा सोडा आणि भांडी घासायचं लिक्विड थोड्या पाण्यात कालवून श्रीखंडाएवढं घट्ट करा, डागावर बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचा थर द्या, वर प्लॅस्टिक चिकटवा, त्याला सुईने चारदोन भोकं पाडा आणि एक दिवस तसंच राहू द्या. मग प्लॅस्टिक काढून पूर्ण सुकू द्या. सुकताना लगदा तेल वर ओढतो. आईकडचा देव्हाऱ्यासमोरचा पट्टा तीन वेळा केल्यावर गेला, एकदाच करून जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

हळदीला मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड त्याच सोड्यात कालवून लावा, हातमोजे घालून. ऊन पोचत असेल तर अर्धं काम ऊनच करतं, हळद उन्हात उडतेच. काळ्या किंवा हिरव्या दगडावर मात्र पेरॉक्साइड आधी कोपऱ्यात करून बघा.

सिलिंडरच्या बुडाची गंजाची गोल रिंग हा सगळ्यात हट्टी प्रकार. ब्लीचने गंज जात नाही, आणि गंज काढायची जी लिक्विडं मिळतात त्यातली बरीचशी ॲसिड असतात, म्हणजे गंज गेला तरी मार्बल खाल्ला जाणार. ताजा असेल तर घासण्यात जातो, जुना असेल तर फिका होतो आणि तेवढ्यावर समाधान मानावं लागतं. हे सगळं शेवटच्या पॉलिशच्या आधी करा, कारण लगद्याने वरची चमक थोडी उतरू शकते.

पूर्ण फरशी करायची असेल तर

माणूस ठरवताना फक्त स्क्वेअर फुटाचा रेट विचारू नका. किती नंबरपासून किती नंबरपर्यंत घासणार ते विचारा आणि लिहून घ्या. सांधे भरणार का, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी) धरलंय का, भिंतीलगतचे तीन-चार इंच हातमशीनने करणार का हे पण, कारण मोठं मशीन कडेपर्यंत पोचत नाही आणि मग हॉलला चारी बाजूंनी मळकट काठ राहतो, साडीला असतो तसा.

कुठल्या नंबरपासून सुरू करायचं हा खरा कळीचा मुद्दा. कडा लागत असतील किंवा खोल चरे असतील तरच ६० नंबरने सुरुवात. नुसती चमक गेली असेल तर २०० किंवा ४०० पासून पुरतं. उगाच जाड घासून घेतलं तर दगडही जातो, वेळही आणि पैसेही. पण एकदा ६० ने घासलं की पुढचा एकही नंबर गाळायचा नाही, ६०, १२०, २००, ४००, ८००, १५००, ३०००. पॉलिशवाले घाईत असले की मधले दोन उडवतात. मग चमक येते खरी, पण उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात.

काम सुरू व्हायच्या आधी चमच्याच्या दांडीने फरशी वाजवून बघा. जिथे पोकळ डबडब आवाज येतो तिथे खाली माल नाहीये, जड मशीन गेलं की तडकू शकते, ती आधी भरून घ्या. सांध्यातली घाण खरवडून फरशीच्या रंगाचं फिलर भरून एक दिवस सुकू द्या.

आणि राडा! मंडळी, राड्याची कल्पना असू द्या. घासताना पाणी लागतं आणि त्याचं दुधासारखं पांढरं पाणी होतं ते भिंतीवर दोन-तीन फुटांपर्यंत उडतं. भिंती, ट्रॉल्या, दाराच्या चौकटींचे लाकडी पाय सगळं प्लॅस्टिकने झाका. नहाणी ट्रॅपमध्ये कापड कोंबा, ते पांढरं पाणी आत गेलं तर तळाशी बसून घट्ट होतं आणि मग प्लंबरचा खर्च. वायपरने ओढून सुपलीने बादलीत भरायचं, गाळ खाली बसला की सुकवून गोणीत. मशीनला १५ अँपिअरचा सॉकेट लागतो आणि घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना ते बघून घ्या.

शेवटी केमिकल टाकून स्टील वूलने मशीन फिरवतात त्याला क्रिस्टलायझेशन म्हणतात. नीट घासलेल्या फरशीवर चांगलं दिसतं, पण घासण्याऐवजी ते करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. नंतर स्टील वूलचे तंतू एकूणएक झाडून घ्या, एखादा राहिला आणि पाणी लागलं की गंजाचा ठिपका.

पैसे द्यायच्या आधी फरशी कोरडी होऊ द्या. ओली फरशी कुणाचीही चमकते. कोरडी झाली की जमिनीवर बसा, खिडकीकडे तोंड करा, मोबाइलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. जे काय आहे ते सगळं दिसतं.

नंतरचं

सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव) मारायचा असेल तर फरशी आतून पूर्ण सुकलेली हवी, म्हणून पावसाळ्यात हे काम काढू नका. दिवाळीच्या तोंडावर सगळे याच लोकांच्या मागे असतात, त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारी बरा. सीलरने तेल-हळद मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसता येतं. लिंबाची खूण मात्र सीलरवरही पडतेच, दुकानदार काही का सांगेना.

पुसायला साधं पाणी, आठवड्यातून एकदा त्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. खड्या मिठाचं पाणी नको, यावर आईशी माझं अजून भांडण चालू आहे, पण मीठ दगडाच्या छिद्रांत जाऊन सुकलं की त्याचे खडे होतात आणि वरचा थर फुगवतात. रांगोळी दगडाचीच पूड असते, ती काढल्यावर आधी मऊ झाडूने हलकेच गोळा करा, पायाने किंवा फडक्याने ओढत नेऊ नका. दाराबाहेर एक आणि आत एक असं पायपुसणं ठेवा. पणतीखाली ताटली ठेवा. सिलिंडरला चाकांची ट्रॉली आणून दिलीये, आई ती बाल्कनीत तुळशीच्या कुंडीखाली वापरते.