उपग्रहांच्या रेघा टाळून सोलापूरच्या आकाशाचा फोटो कसा काढाल?

फोटोत उमटलेली रेघ काढायला सॉफ्टवेअर आहे, पण निम्मं काम घड्याळावरच होतं. उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. त्याच्यावर ऊन पडतं म्हणून तो दिसतो. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले, आता ते सात हजारांच्या पुढे आहेत आणि बहुतेक ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात. सूर्य क्षितिजाखाली २३ अंश गेला की डोक्यावरचा असा उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरतो. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर असल्याने इथे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, त्यामुळे मावळतीनंतर पावणेदोन तासांत माथ्यावरचं आकाश मोकळं होतं. उत्तर युरोपात उन्हाळ्यात रात्रभर रेघा पडतात. तेवढ्यापुरते आपण नशीबवान.

ही सावली पूर्वेकडून वर चढते. म्हणून संध्याकाळी लवकर सुरू करायचं असेल तर कॅमेरा पूर्वेला लावा, पहाटे पश्चिमेला. संध्याकाळी पश्चिमेला तीस अंश उंचीवरचे उपग्रह मावळतीनंतर सव्वादोन तासांपर्यंत चमकतात. वनवेब या तशाच दुसऱ्या सेवेचे उपग्रह १२०० किलोमीटरवर आहेत, त्यांच्यासाठी आणखी पाऊण तास धरा.

उदाहरणार्थ, एप्रिलअखेर आकाशगंगेचा गाभा पहाटे पावणेचारच्या सुमारास दक्षिणेला ४३ अंशांवर येतो. सूर्योदय सहाला, म्हणजे रेघा परतायची हीच वेळ. त्यामुळे दीड ते साडेतीन एवढ्यात काम उरका. जागा शहराच्या दक्षिणेला हवी, विजयपूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे. उत्तरेला नान्नजकडे अंधार चांगला, पण तिथून शहराचा उजेड दक्षिणेलाच येतो आणि गाभा त्यात बुडतो. शेतमालकाला आधी सांगून ठेवा. मध्यरात्री रानात टॉर्च हलताना दिसला की लोक काठ्या घेऊनच येतात.

साध्या क्रॉप-सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्याला १८ मिमी लेन्स, छिद्र जेवढं उघडेल तेवढं, आयएसओ ३२००, एक्स्पोजर १५ सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), आणि एकामागून एक ६० फ्रेम, म्हणजे ६० वेगळे फोटो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेममागे तेवढाच वेळ वाया जातो. माथ्यावरून जाणारा उपग्रह सेकंदाला पाऊण अंश सरकतो, म्हणजे एका फ्रेममध्ये अकरा-बारा अंशांची रेघ. एकच लांब एक्स्पोजर घेतलं तर ती कायमची राहिली. साठातल्या दोन-तीन फ्रेममध्ये असेल तर निघते.

या फ्रेम एकत्र करून एक फोटो बनवायला डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा, दोन्ही फुकट आहेत. फ्रेम एकत्र करताना नुसती सरासरी निवडू नका, फिकट रेघ उरते. कप्पा-सिग्मा क्लिपिंग निवडा, कप्पा २, फेऱ्या ५. प्रत्येक पिक्सेलच्या साठ किमतींमधली जी फारच वेगळी पडते, ती गाळली जाते. इथे नवखे फसतात ते फ्रेमच्या संख्येवर. पाचच फ्रेम असतील तर ही चाळणी एकाही रेघेला पकडू शकत नाही, कारण ती रेघच सिग्मा, म्हणजे किमतींचा पसारा, फुगवते. वीसच्या खाली जाऊ नका.

ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषांचा फोटो करताना मात्र हा उपाय चालत नाही. तिथे प्रत्येक पिक्सेलची सर्वांत उजळ किंमत घेतली जाते, त्यामुळे एकूण एक उपग्रह टिकून राहतो. एकेक फ्रेम उघडून रेघेवर काळा ब्रश फिरवावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

थंडीत मृगातला तेजोमेघ टिपणाऱ्यांना वेगळाच त्रास होतो. ३६ हजार किलोमीटरवरचे भूस्थिर उपग्रह सोलापुरातून वजा ३ अंश क्रांतीजवळ (आकाशाच्या विषुववृत्ताच्या ३ अंश दक्षिणेला) दिसतात, म्हणजे नेमके मृगातला बाण आणि तेजोमेघ यांच्या मधल्या पट्ट्यात. ते जवळपास रात्रभर उन्हात असतात, त्यामुळे इथे घड्याळाचा उपयोग नाही. ताऱ्यांमागे फिरणाऱ्या माउंटवर एका मिनिटाच्या फ्रेममध्ये प्रत्येकाची पूर्व-पश्चिम रेघ उमटते, चंद्राच्या निम्म्या व्यासाएवढी. त्याच ओळीवरून एकामागून एक उपग्रह जात राहतात, म्हणून शंभरेक फ्रेम घ्या.