बंद पडलेली पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताय? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाबतीत या चुका टाळा

"गाडी नेमकी कधी तापते?" या माझ्या प्रश्नाचं धड उत्तर देणारा मालक वर्षातून एखादाच भेटतो. बाकीचे म्हणतात, "तापतेच हो, सारखी." आणि तोवर त्यांनी नवा रेडिएटर, नवी वॉटर बॉडी (म्हणजे पाण्याचा पंप), नवे होज पाईप असं सगळं आणून ठेवलेलं असतं. दहा-पंधरा वर्षं उभी राहिलेली पद्मिनी, फियाट किंवा अँबेसेडर चालू करायला निघालेल्या प्रत्येकाला माझं आधी हेच सांगणं असतं की दुकानात जायच्या आधी वही घ्या. ऊन किती होतं, गाडी चढावर होती की सिग्नलला, चालू केल्यापासून किती मिनिटांनी तापली, हे चार-पाच वेळा लिहून काढा.

कारण निम्मं निदान त्या वहीतच होतं. सिग्नलला तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की थंड होते, तर हवा कमी पडतेय. मग पंखा, फॅन बेल्ट आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पाचोळा बघा. गावात ठीक पण घाटात किंवा सत्तरच्या पुढे तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून चोक म्हणजे तुंबलेला आहे. थंड इंजिन चालू केल्यावर पाचच मिनिटांत तापते, तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व) अडकलाय, आत हवा कोंडलीय किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलंय. याला अपवाद निघतात, पण कमी.

ब्लॉकमधला गाळ

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

वाईला मामांची पद्मिनी होती. २००६ साली ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली, ती २०१९ पर्यंत. टेम्पोत घालून मी ती पुण्याला आणली. इंजिन जाम झालेलं नव्हतं, कॉम्प्रेशन बरं होतं. पाण्याच्या बाजूला मी काही शिल्लक ठेवलं नाही असं मला वाटत होतं. रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून आणलं, वॉटर बॉडी बदलली, थर्मोस्टॅट, रेडिएटरची कॅप, होज सगळं नवं घातलं. आठ-नऊ हजार गेले. पुण्यात महिनाभर गाडी सुरेख चालली. मग मामांना दाखवायला म्हणून वाईला निघालो आणि खंबाटकी घाटाच्या चढावर, अर्ध्यात, तापमानाचा काटा लालमध्ये गेला. तासभर थांबलो आणि परत फिरलो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, पुन्हा तिथेच. दुसऱ्या खेपेला मामा वरच्या बाजूला वाट बघत उभे होते.

त्यानंतर एका जुन्या मिस्त्रींनी मला एकच विचारलं, "ब्लॉकचा ड्रेन उघडला होतास का?" मी रेडिएटरखालचा नळ उघडून पाणी बदललं होतं. ब्लॉकच्या बाजूला वेगळा ड्रेन असतो, त्याला हातही लावला नव्हता. घरी येऊन तो पूर्ण काढला. गाडी पाण्याने भरलेली होती, तरी थेंब आला नाही. आत तार घातली तर ती अर्ध्या इंचावर अडली.

ब्लॉकचे कोअर प्लग (बाजूच्या भोकांवरची पत्र्याची बुचं) काढले तेव्हा खरं चित्र दिसलं. शेवटच्या सिलिंडरभोवती, पंपापासून सर्वात लांब, गेरूच्या रंगाचा गाळ विटेसारखा घट्ट बसला होता. ओतीव लोखंडाचा गंज आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार तेरा वर्षं शांतपणे तळाशी बसत गेले होते. रेडिएटरच्या तोंडातून कितीही फ्लश मारा, पाणी वरूनच निघून जातं. तळाचा गाळ जागचा हलत नाही. सपाटीवर इंजिन हे चालवून घेतं. चढावर जोर लागला की ज्या सिलिंडरभोवती पाणीच नाही, तो आधी तापतो.

सायकलची स्पोक टोकाला वाकवून, तिने उकरत आणि बागेच्या पाईपने धुवत दोन रविवार गेले. तांब्याभर गाळ निघाला. नवे कोअर प्लग बसवले आणि तिसऱ्या खेपेला खंबाटकी एका दमात चढलो. खामजाईच्या देवळापाशी मुद्दाम थांबून बॉनेट उघडलं. काटा मधल्या रेघेच्या वर गेला नव्हता.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. बंद गाडी हातात आली की पहिल्या दिवशी ब्लॉकचा ड्रेन उघडायचा. पाणी धारेने आलं तर पुढचं काम. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही, तर कोअर प्लग काढल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही. हे काम घाणेरडं आहे, वेळखाऊ आहे, म्हणून नवी मुलं ते टाळतात. त्यांना एका दुपारी गाडी रस्त्यावर हवी असते.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, काढून टाक तो व्हॉल्व." हे वाक्य मी गेली तीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी तितकाच राग येतो. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिनला त्याच्या नेमक्या तापमानाला लवकर नेणं आणि तिथेच ठेवणं हे त्याचं काम. तो काढला की इंजिन गारच राहतं, पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुतलं जातं, ऑईलमधली वाफ उडून जात नाही आणि ऑईलच्या चेंबरमध्ये काळा चिखल साठतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट बंद करतो. तिथे तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच घुटमळतं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

एक तरुण आठ महिने असं चालवून गाडी माझ्याकडे घेऊन आला. प्लग काजळलेले, ऑईल डांबरासारखं, आणि तापणं होतं तसंच. मूळ दोष होता सीबी पॉइंटचा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा. पॉइंटचा ठोकळा झिजून गॅप कमी झाली होती, त्यामुळे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडलं होतं आणि जादा उष्णता पाण्यात जात होती. दहा मिनिटांचं काम होतं. पाण्याच्या तक्रारीत टायमिंग तपासायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

थर्मोस्टॅट तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने असा लटकवा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर ठेवा आणि गॅस बारीक ठेवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नवा आणला तरी मी हे करतोच. खोक्यातून निघालेले नवेही बंदच राहिलेले मी पाहिले आहेत.

ॲसिड, हळद आणि इतर जालीम उपाय

संडास साफ करायचं ॲसिड रेडिएटरमध्ये ओतू नका. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि हे ॲसिड त्याला खाऊन टाकतं. कॉस्टिक सोडाही तसाच. मी पाच लिटर पाण्याला शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालतो, अर्धा तास इंजिन गरम चालवतो, सगळं काढतो आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतो. याला दोन-तीन फेऱ्या लागतात.

गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची युक्ती जुने ड्रायव्हर सांगतात. रात्री घाटात अडकलात तर घरी पोचण्यापुरती ती ठीक आहे. पण ती हळद भोकाबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते, म्हणून घरी आल्यावर ती तशीच आत राहू देऊ नका. बाटलीतल्या लीक-स्टॉपचंही तेच.

बोअरचं पाणी कधीच भरू नका. किटलीत जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनात बसतो. कूलंट हवंच, आणि गोठण्याची भीती नसली तरी गंजापासून बचावासाठी हवं, कारण लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं आणि पितळ एकाच पाण्यात भिजत असतात. दोन वेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नका, आणि एकाच रंगाची म्हणजे एकाच जातीची असंही समजू नका.

कॅप फालतू समजू नका. अर्धा किलो दाब धरणारी चांगली कॅप पाण्याचा उकळबिंदू ११० अंशांच्या आसपास नेते. स्प्रिंग मेलेली कॅप घेऊन महाबळेश्वरला गेलात तर तिथे १,३७२ मीटरवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. मात्र मूळ मापापेक्षा जास्त दाबाची कॅपही लावू नका, जुन्या रेडिएटरचे डाग (डाक देऊन केलेले जोड) निखळतात.

इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर रेडिएटरसमोर कागद धरून बघा, तो जाळीकडे ओढला गेला पाहिजे. वायरी उलट जोडल्याने पंखा उलटा फिरताना मी दोनदा पाहिलाय.

खालचा होज हाताने दाबून बघा. मऊ पडलेला होज जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि गाडी उभी केली की पुन्हा गोल दिसतो, त्यामुळे हा दोष सहज निसटतो. कुणाला तरी ॲक्सिलरेटर द्यायला लावा आणि तुम्ही होजकडे बघा. हात, बाही, ओढणी पंख्यापासून लांब ठेवा.

गॅस्केट गेलं म्हणण्याची घाई

ऑईलच्या झाकणाला आतून थोडी दुधाळ साय दिसली की लोक हेड उतरवायला घेतात. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती नुसत्या दमटपणानेही येते. डिपस्टिकवरचं ऑईलच चहासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी. मी खात्री अशी करतो: थंड इंजिन, कॅप काढलेली, पाणी गळ्यापर्यंत. चालू केल्याबरोबर एकसारखे बुडबुडे यायला लागले आणि थांबेनात, तर गॅस्केट किंवा हेड. सुरुवातीला चार बुडबुडे येऊन थांबले, तर आत कोंडलेली हवा होती. हेड उतरवलंच तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने तपासल्याशिवाय पुन्हा चढवू नका, आणि वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेस करून, म्हणजे सपाट घासून, आणा.

आणि वाटेत तापलीच तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॅपला हात लावू नका. फडकं धरूनही नको. उकळतं पाणी तोंडावर आलेला माणूस मी पाहिला आहे. पाऊण तास थांबा. वरचा होज हाताने सहज धरता आला, दाबल्यावर मऊ लागला, की मगच कॅप हळूहळू फिरवा. इंजिन चालू करून पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या हेडवर गार पाण्याची अख्खी बाटली एकदम रिकामी केली तर ते वाकतं.