पुल रिक्वेस्ट फक्त स्पेसमुळे अडकू नये म्हणून

पायथनच्या पांडाजसारख्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) पुल रिक्वेस्टने, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीने, दुरुस्ती पाठवली, कोड बरोबर आहे, तरी आपोआप होणाऱ्या तपासणीत लाल फुली. कारण काय, तर ओळीच्या शेवटी राहिलेली एक स्पेस किंवा इम्पोर्टचा चुकलेला क्रम. यात संध्याकाळ घालवू नका.

१. टर्मिनलमध्ये 'पिप इन्स्टॉल प्री-कमिट' चालवा. प्री-कमिट म्हणजे बदल नोंदवण्याआधी कोड तपासणारं टूल.
२. रेपोच्या, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या, फोल्डरमध्ये जाऊन 'प्री-कमिट इन्स्टॉल' द्या. हे एकदाच.
३. नेहमीसारखं कमिट करा, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा. प्रकल्पाने ठरवलेले नियम तिथेच तपासले जातात. रफसारखं कोडची मांडणी तपासणारं टूल फाइल स्वतः सुधारतं आणि कमिट थांबवतं. घाबरू नका, पुन्हा 'गिट ॲड' करून कमिट द्या.

टेस्टचंही तसंच. सगळा संच चालवत बसण्याऐवजी आधी पायटेस्टला (टेस्ट चालवणाऱ्या टूलला) तुमच्या एकाच फाइलचा पत्ता द्या. आणि नवी टेस्ट दुरुस्तीआधी एकदा नापास होताना बघाच. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, नाहीतर ती नेमकं काय तपासते ते कळत नाही.

एक जपा: एडिटरचं आपोआप फॉरमॅट करणं त्या रेपोपुरतं बंद ठेवा. तीन ओळींच्या दुरुस्तीत तीनशे ओळी बदललेल्या दिसल्या, तर तपासणाऱ्याला मूळ बदल सापडतच नाही.