थिंक टँकची इंग्रजी नावं लिहिताना या चुका टाळा

इंग्रजीवरून मराठीत आणलेला मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम आहे, आणि थिंक टँकचं, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं, नाव आलं की लोक त्याच त्याच जागी घसरतात. अहवालातले आकडे तीनदा पडताळतील पण अहवाल नेमका कुणाचा ते अंदाजाने ठोकून देतील. नावच चुकलं तर वाचणाऱ्याने ते आकडे कुणाच्या भरवशावर घ्यायचे?

आधी 'थिंक टँक' हाच शब्द. 'विचारांची टाकी' असं भाषांतर मी खरोखर वाचलंय. जुन्या इंग्रजी बोलीत हा शब्द माणसाच्या डोक्यासाठी वापरायचे, दुसऱ्या महायुद्धात लष्करी बेत ठरवायच्या सुरक्षित खोलीसाठी वापरू लागले, आणि धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थांना तो त्यानंतर चिकटला. मी थिंक टँक तसंच ठेवते आणि पहिल्यांदा येतो तिथे 'धोरणांचा अभ्यास करणारी संस्था' एवढं जोडते. क्रिकेटच्या बातमीतला 'संघाचा थिंक टँक' म्हणजे कोच-कॅप्टन मंडळी, ते वेगळं, तिथे तसंच चालतं.

आता माझा सगळ्यात जास्त जीव खाणारी चूक, आद्याक्षरं. एकदा रात्री उशिरा क्षेपणास्त्रांच्या साठ्यावरचा मजकूर आला, पहिलीच ओळ 'कॅनडाच्या गुप्तचर संस्थेच्या अहवालानुसार'. मला खटकलं, कारण खाली लेखकांची नावं होती, त्यांचे हुद्दे होते, आणि गुप्तचर खातं असं कशाला सांगेल? भाषांतर करणाऱ्या मुलाला फोन केला तर म्हणाला, 'मॅडम, सीएसआयएस सर्च केलं, हेच वर आलं.' मूळ पीडीएफ उघडली, पहिल्याच पानावर ठळक अक्षरात सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक अँड इंटरनॅशनल स्टडीज, वॉशिंग्टन. १९६२ साली सुरू झालेली संस्था, सरकारी हेरखात्याशी काही संबंध नाही. कॅनडाचं ते कॅनेडियन सिक्युरिटी इंटेलिजन्स सर्व्हिस, आद्याक्षरं तीच. एक पान उलटायचा कंटाळा केला म्हणून एका देशाच्या अभ्यासकांचं मत दुसऱ्या देशाच्या हेरखात्याच्या तोंडी गेलं, आणि छापून गेलं असतं तर कुणाला खुलासा देणार होतो आपण? त्यात जकार्तालाही एक सीएसआयएस आहे, १९७१ पासून, आणि तिचं पूर्ण नावही वॉशिंग्टनवालीसारखंच, फक्त 'सेंटर'चं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं. म्हणजे नुसतं पूर्ण नाव लिहूनही भागत नाही. मी पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि शहर दोन्ही लिहिते, आद्याक्षरं त्यानंतर. जागा कमी आहे ही सबब मी ऐकून घेत नाही.

रँड या अमेरिकी थिंक टँकच्या नावातलं रँड हे कुणाचं आडनाव नाही. रिसर्च अँड डेव्हलपमेंट आखडून झालेला शब्द आहे तो, लेखिका आयन रँडशी त्याचा संबंध जोडू नका. आणि पुढे कॉर्पोरेशन आहे म्हणून 'रँड कंपनी' लिहू नका, १९४८ साली डग्लस या विमान कंपनीपासून वेगळी झाली तेव्हापासून ती ना-नफा संस्था आहे.

हेरिटेज फाउंडेशनचं 'वारसा प्रतिष्ठान' करू नका. लोकांना जुने वाडे जपणारी संस्था वाटते, आणि ती आहे अमेरिकेतली उजव्या विचारांची थिंक टँक.

अमेरिकेतल्याच आणखी तीन थिंक टँक: ब्रुकिंग्ज आणि हूव्हरच्या नावापुढे इन्स्टिट्यूशन, केटोच्या पुढे मात्र इन्स्टिट्यूट. बघून लिहा, दोन सेकंद लागतात.

चॅटम हाउसबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. उच्चार चॅटम, 'थ' नाही. हे लंडनमधल्या इमारतीचं नाव, चॅटमचे अर्ल म्हणजे थोरले विल्यम पिट तिथे राहायचे त्यावरून पडलेलं. संस्थेचं नाव रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स, स्थापना १९२०, पण ओळखतात तिला इमारतीच्या नावानेच. तिथला १९२७ चा नियम जगभरच्या बैठकांमध्ये वापरतात आणि लोक त्याचा अर्थ सर्रास उलटा लावतात. 'बैठक चॅटम हाउस नियमाखाली झाली' याचं भाषांतर माझ्याकडे 'बैठकीतली माहिती बाहेर सांगण्यास मनाई होती' असं आलंय, एकदा नाही, अनेकदा. अहो, माहिती वापरायला पूर्ण मोकळीक असते. कोण बोललं, तो कुठल्या संस्थेचा, बैठकीला आणखी कोण होतं, हे मात्र उघड करायचं नाही. म्हणजे 'बैठकीत असा मुद्दा निघाला' हे लिहा, 'अमक्या मंत्रालयाच्या अधिकाऱ्याने मांडला' हे नाही. आणि नियम एकच आहे, 'चॅटम हाउसचे नियम' असं अनेकवचन करू नका, इंग्रजीत लिहिणारेही तिथे चुकतात, त्यांचं बघून आपण कशाला चुकायचं.

शेवटी कार्नेगी. अँड्र्यू कार्नेगीने इतक्या संस्था काढल्या की नुसतं 'कार्नेगीचा अहवाल' म्हणण्याला अर्थ नाही. थिंक टँक ती कार्नेगी एन्डाउमेंट फॉर इंटरनॅशनल पीस, १९१० ची. कार्नेगी कॉर्पोरेशन ऑफ न्यू यॉर्क अनुदान देते, कार्नेगी मेलन हे विद्यापीठ आहे. माझ्या वहीत एक अख्खं पान या एका आडनावासाठी ठेवलंय आणि प्रत्येक वेळी मी ते उघडून बघते, आठवणीवर लिहीत नाही.