६५०२ चा एम्युलेटर लिहिताना या चुका टाळा

१९७५ साली आलेल्या ६५०२ या प्रोसेसरचा एम्युलेटर (त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) लिहिणारे बहुतेक नवशिके ऑपकोडचा, म्हणजे सूचनांच्या सांकेतिक क्रमांकांचा, तक्ता भरतात, प्रत्येक सूचनेच्या सायकलींची (घड्याळाच्या ठोक्यांची) बेरीज करतात आणि तयार चाचणी प्रोग्रॅम उत्तीर्ण झाला की काम संपले असे मानतात. ही घाई मला पटत नाही. हा प्रोसेसर एकही सायकल बसवर (त्याला मेमरी व इतर चिपांशी जोडणाऱ्या वाहिन्यांवर) स्वस्थ बसत नाही. करण्यासारखे काही नसले तरी तो कुठला तरी पत्ता वाचतो किंवा त्यावर लिहितो, आणि जुना एनमॉस ६५०२ व नंतरचा सीमॉस ६५सी०२ (एनमॉस व सीमॉस ही चिप बनवण्याची दोन तंत्रे) यांच्यातील अनेक फरक अशा बिनकामाच्या वाटणाऱ्या सायकलींतच दडलेले आहेत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आयएनसीसारख्या (किंमत एकने वाढवणाऱ्या), वाचून-बदलून-लिहिणाऱ्या सूचनांत एकदाच लिहिणे. पूर्ण पत्ता देणारी ही सूचना एनमॉसवर सहा सायकली घेते: चौथीत किंमत वाचली जाते, पाचवीत तीच जुनी किंमत परत लिहिली जाते आणि सहावीत नवी. ६५सी०२ पाचवीत लिहिण्याऐवजी पुन्हा वाचतो. माझ्या पहिल्या एम्युलेटरमध्ये कमोडोर ६४ या घरगुती संगणकाचा एक प्रोग्रॅम पहिल्याच चित्रावर गोठत असे, आणि मी तीन रात्री ग्राफिक्स चिपच्या कोडला दोष देत बसलो. अखेर सायकलनिहाय नोंद काढली, तेव्हा इंटरप्टची (चालू काम थांबवायला लावणाऱ्या संकेताची) पोच ग्राफिक्स चिपच्या डी०१९ (येथील पत्ते व किंमती षोडशमान पद्धतीत आहेत) या रजिस्टरवर आयएनसी चालवून दिली जात असल्याचे दिसले. तेथे जो बिट १ लिहावा तो इंटरप्ट मिटतो. वाचलेली किंमत एफ१ होती. ती परत लिहिली असती तर शून्य क्रमांकाचा बिट मिटला असता, परंतु मी फक्त एफ२ लिहीत होतो. त्यामुळे आरटीआय (इंटरप्टमधून परतण्याची सूचना) होताच तोच इंटरप्ट पुन्हा लागे आणि मुख्य प्रोग्रॅमची एकही सूचना चालत नसे. सायकलींची बेरीज मात्र बिनचूक होती!

दुसरी चूक याच जातीची आहे. एलडीए डीसीएफ०,एक्स (डीसीएफ० मध्ये एक्स रजिस्टर मिळवून येणाऱ्या पत्त्यावरून वाचणे) या सूचनेत एक्समध्ये १डी असेल, तर एनमॉस आधी डीसी०डी वाचतो, कारण हातचा वरच्या बाइटमध्ये अजून मिळवलेला नसतो, आणि मग डीडी०डी वाचतो. कमोडोर ६४ मध्ये हे दोन्ही पत्ते वाचताच साफ होणाऱ्या इंटरप्ट रजिस्टरांचे आहेत, म्हणजे चुकीचे वाचन गाळले तर एक साफसफाई राहून जाते. ६५सी०२ त्या जादा सायकलीत सूचनेचाच शेवटचा बाइट पुन्हा वाचतो.

म्हणूनच मी सायकली कधीच मोजत नाही. एक सायकल म्हणजे वाचनाचा किंवा लेखनाचा एक कॉल असे लिहिले की बेरीज आपोआप जुळते. दोन्ही चिपांसाठी मी अशा सूचना वेगळ्या लिहितो. एकाच फंक्शनमध्ये अटी कोंबण्याचा आळशीपणा पुढे नडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगता येतात. अप्रत्यक्ष जेएमपीचा (उडीचे ठिकाण मेमरीतून वाचणाऱ्या सूचनेचा) पत्ता पानाच्या (२५६ बाइटच्या गटाच्या) शेवटच्या बाइटवर असेल, तर एनमॉस वरचा बाइट त्याच पानाच्या सुरुवातीपासून घेतो. ६५सी०२ ने हे सुधारले, पण एक सायकल वाढवून. ६५०२ च्याच कुटुंबातील ६५०७ ला पत्त्याच्या तेराच वाहिन्या आहेत, हे विसरू नये. रीसेटमध्ये, इंटरप्टच्या वेळी स्टॅकवर (परतीचे पत्ते ठेवण्याच्या मेमरीत) होणारी तीन लेखने वाचने होतात, तरीही स्टॅक पॉइंटर तीनने उतरतो. आरडीवाय (प्रोसेसरला थांबवणारी वाहिनी) खाली गेल्यावर एनमॉस लेखनाच्या सायकलीत थांबत नाही, पुढच्या वाचनापाशी थांबतो. ६५सी०२ मात्र लेखनातही थांबतो. सलग लेखने जास्तीत जास्त तीन होऊ शकतात, म्हणूनच कमोडोर ६४ ची ग्राफिक्स चिप बस घेण्यापूर्वी तीन सायकली आधी इशारा देते.